नागपूरच्या मातीत २१ किलोमीटर: पांदण, बरड आणि सागाच्या रानातली हाफ मॅरेथॉन

सिमेंटच्या रस्त्यावर २१.१ किलोमीटर दोन तासांत पळणारा माणूस हिंगणा-काटोलकडच्या पांदणीवर, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेवर, तेवढ्याच अंतराला अडीच तास घेतो. त्यात तयारीचा दोष असतोच असं नाही. पायाखालची जमीन बदलली की सगळं गणित बदलतं. कोणते बूट घालायचे, किती वेगाने पळायचं, कोणत्या महिन्यात आणि किती वाजता निघायचं, हे सगळं नागपूर जिल्ह्यात आधी माती ठरवते आणि मग आपण. म्हणून सरावाच्या तक्त्याआधी जमीन समजून घ्या.

कुठली जमीन कशी वागते

शहराच्या पश्चिमेला आणि वायव्येला, म्हणजे हिंगणा, कळमेश्वर, काटोल, कोंढाळी या बाजूला बेसाल्टचा काळा खडक आहे. सखल भागात कापूस-तूर-संत्र्याची काळी जमीन आणि उंचवट्यावर मुरमाड बरड (पातळ मातीचा खडकाळ माळ), अशी तिथली साधारण मांडणी. ईशान्येला आणि पूर्वेला, रामटेक-मौद्याकडे, खडक वेगळा आणि जास्त जुना आहे. तिथे धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) लागतात, आणि पायवाट बऱ्याचदा अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जाते.

काळ्या मातीचा स्वभाव टोकाचा. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. पावसानंतर ती बुटाला अशी धरते की शंभर पावलांत पाय जड होतात, आणि खोल खाचांचे महागडे बूटही तिथे हात टेकतात, कारण खाचा भरून तळवा सपाट होतो. चांगला पाऊस झाला असेल तर पुढचे तीन-चार दिवस कडक ऊन मिळेपर्यंत काळ्या पांदणीवर जाऊ नका. मुरमाची वाट मात्र काही तासांतच पळण्याजोगी होते.

वाळल्यावर दुसरा त्रास सुरू होतो. पावसाळ्यात बैलगाडी आणि ट्रॅक्टरने केलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर दगडासारख्या कडक होतात. दोन चाकोऱ्यांमधला गवताळ पट्टा मऊ दिसतो, म्हणून नवखे पळणारे तिथे जातात आणि गवताखालच्या खड्ड्यात घोटा मुरगाळून घेतात. चाकोरी रुंद असेल तर तिच्या तळातूनच पळा, तिथे निदान जमीन दिसते. अरुंद असेल तर वेग कमी करून पांदणीच्या कडेने चला. फेब्रुवारीपासून काळ्या रानात भेगा रुंदावतात. पावलाचा पुढचा भाग अडकेल एवढी भेग दिसू लागली, की त्या वाटेचा हंगाम संपला.

बरडावरच्या मुरमाचा धोका उतारावर असतो. खाली टणक थर आणि वर सुटे गोल खडे, त्यामुळे ज्वारीच्या दाण्यांवर पाय ठेवल्यासारखा तळवा सरकतो. सागाच्या रानात जानेवारी ते मार्च पानगळ असते. मोठाली वाळकी पानं दगड आणि मुळं झाकून टाकतात, म्हणून पाय नेहमीपेक्षा दोन-तीन इंच जास्त उचलावा लागतो. कालव्याकाठचा रस्ता सगळ्यांत सोपा वाटतो. पण तो सरळ, बिनसावलीचा आणि कडक असतो, एकाच प्रकारचं पाऊल हजारो वेळा पडतं आणि पोटऱ्या आखडतात. वेगाचा सराव करायला ठीक, सगळं अंतर तिथेच काढू नका.

कधी आणि कुठे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ नागपूरकरांसाठी उत्तम. त्याआधी ऑक्टोबरचं ऊन आणि अर्धवट ओली काळी माती, त्यानंतर नऊ वाजताच चटका. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा, २१ किलोमीटर मातीवर पळायचा हट्ट नको. उजाडल्यावर तासाभराचा छोटा सराव ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेसहा ते सातच्या दरम्यान उगवतो. शर्यत साडेसहाला सुरू झाली तर पहिली पंधरा-वीस मिनिटं संधिप्रकाशात जातात, तेवढ्यासाठी हेडलँप लागतो. स्वतःच्या सरावाला मात्र उजाडल्यावरच निघा. याची कारणं तीन आहेत. जिल्ह्यात बिबट्या आणि काही पट्ट्यांत वाघाचा वावर आहे. रानडुकरं पहाटेपर्यंत वावरात (शेतात) असतात. आणि त्या डुकरांसाठी शेताभोवती रात्री तारा चालू असतात. झटका मशीनची तार धक्का देऊन सोडते, पण कोणी बेकायदा थेट लाइनवर आकडा टाकलेला असेल तर ती तार जीव घेते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून शेतकुंपणाची कुठलीही तार ओलांडायची नाही, वाकून खालून जायचं नाही, हात लावून बघायचं तर अजिबातच नाही.

पेंच व्याघ्र प्रकल्प आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य यांत पायी शिरायला परवानगी नसते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे. गोरेवाड्याच्या राखीव जंगलाचंही तेच धरून चाला. काठाचे खुले रस्ते वेगळे आणि कुंपणाआडचं रान वेगळं. शहरात मातीवर पाय बसवायला अंबाझरीचं जैवविविधता उद्यान बरं, वेळ आणि प्रवेशाचे नियम फाटकावर वाचून घ्या. बाहेर हिंगण्याकडचा झिल्पी तलावाचा परिसर आणि काटोल-कळमेश्वरच्या पांदणी मोकळ्या आहेत. नकाशावर पांदण दिसते म्हणून ती चालू असेलच असं नाही. अनेक ठिकाणी नांगरताना ती बुजते, तर अनेक ठिकाणी अलीकडे गिट्टी टाकून खडीकरण झालेलं असतं, आणि नवी टोकदार गिट्टी पळायला काळ्या मातीपेक्षाही वाईट. आदल्या आठवड्यात मोटारसायकलने वाट पाहून या. वावराच्या मालकाला दोन शब्द सांगितले तर तो बहुतेक वेळा स्वतःच सांगतो की पुढे नाल्यावर रपटा (बुटका पूल) खचलाय. उभ्या पिकातून आणि संत्र्याच्या बगिच्यातून जाऊ नका. डिसेंबरात तूर डोक्याएवढी होते आणि वळणापलीकडचं काहीच दिसत नाही, तिथे आवाज देत जा.

बूट, मोजे आणि काटे

मुरूम आणि वाळलेल्या पांदणीसाठी तळव्याच्या खाचा ३ ते ४ मिलिमीटर पुरतात. ५-६ मिलिमीटरचे बूट ओल्या गवतावर आणि चिखलात चांगले, पण कडक जमिनीवर पाय डगमगतो आणि खाचा लवकर झिजतात. नागपूरच्या हंगामाला पहिला प्रकार घ्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढच्या भागात तळव्याखाली पातळ पण कडक थर, ज्याला दुकानात रॉक प्लेट म्हणतात. बाभळीचा काटा साध्या रोड शूजच्या फोममधून सरळ आत येतो. गोखरूही तळव्यात रुततो, पण तो निदान लवकर कळतो.

माप संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. उतारावर पाय पुढे सरकून नखं काळी पडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा तोकडं माप किंवा सैल नाडी हेच असतं. बुटाला सगळ्यात वर, घोट्याजवळ एक जास्तीचं छिद्र असतं. नाडीचं टोक बाहेरून त्यात घालून छोटा फास करा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून ओढा, मग गाठ मारा. टाच जागेवर धरली जाते.

मोजे सुती नकोत. डिसेंबरात गवतावर इतकं दव असतं की पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच बूट भिजतात. सुती मोजा ते पाणी धरून ठेवतो आणि फोड येतात. सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित घ्या. आणि कुसळं! ऑक्टोबरपासून बरडावरचं कुसळी गवत पिकतं, त्याचं टोकदार बी मोज्यात शिरून पिळत पिळत आत जातं. बुटावर चढवायचे पातळ कापडी गेटर्स हा एकमेव खरा उपाय आहे. ते नसतील तर उंच मोज्यापेक्षा अगदी आखूड आणि घट्ट विणीचा मोजा बरा, कुसळांना धरायला कापड कमी मिळतं. खिशात लहान चिमटा ठेवा.

बारा आठवड्यांचा सराव

हा सराव रस्त्यावर १० किलोमीटर न थांबता आरामात पळू शकणाऱ्यांसाठी आहे. तेवढं जमत नसेल तर आधी ते जमवा.

आठवड्यात चार दिवस पळायचं. मंगळवारी ६ ते ८ किलोमीटर सावकाश, गुरुवारी चढ-उतार, शनिवारी ५ किलोमीटर हलकं, रविवारी मातीवर लांब पळणं. रविवारचा हिशेब किलोमीटरमध्ये ठेवू नका, मिनिटांत ठेवा:

- पहिले तीन आठवडे: ७५, ८५, ९५ मिनिटं, चौथ्यात ७०
- पाच ते सात: १०५, ११५, १२५, आठव्यात ९०
- नववा आणि दहावा: १४०, १५०
- अकरावा: ९०; बाराव्या रविवारी शर्यत

चौथ्या आणि आठव्या आठवड्यातली घट गाळायची नाही. मातीवर स्नायूंपेक्षा घोट्याचे आणि पोटरीचे कंडरे हळू तयार होतात, त्यांना तो अवकाश लागतो. सातव्या-आठव्या आठवड्यात टाचेमागे सकाळी दुखू लागतं, ते बहुधा ही घट टाळल्यामुळेच.

चढ कुठे करायचे हा नागपूरकरांचा नेहमीचा प्रश्न. शहर तसं सपाट. सेमिनरी हिल्सचे उतार त्यासाठी पुरेसे आहेत: ६० ते ९० सेकंद चढायचं, खाली यायचं, अशा सहा फेऱ्यांपासून सुरुवात करून दहापर्यंत जा. पहिले तीन आठवडे उतार चालत उतरा, चौथ्यापासून पळत. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच लागतो, किंबहुना जास्त. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो. सवय नसेल तर शर्यतीच्या शेवटच्या पाच किलोमीटरला मांड्या जवळजवळ बंद पडतात, आणि लोक समजतात की दम कमी पडला. स्नायूला ही सवय एकदा लागली की काही आठवडे टिकते, म्हणून शेवटचा मोठा उताराचा सराव शर्यतीच्या दोन आठवडे आधी करा. जमेल तर महिन्यातून एकदा रामटेकला जा आणि अंबाळा तलावाच्या बाजूच्या पायऱ्यांनी गडावर चढा. चालतच, दमदार पावलांनी. यात्रेकरूंच्या गर्दीत पायऱ्यांवरून पळत उतरणं मात्र तुमच्याही आणि त्यांच्याही हिताचं नाही.

बुधवारी घरी वीस मिनिटं: पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली (खाली येताना तीन सेकंद घ्या) १५ चे तीन संच, एका पायाने खुर्चीवर बसणं-उठणं १० चे तीन संच, आणि एका पायावर उभं राहून तोल, प्रत्येकी एक मिनिट, जमू लागलं की डोळे मिटून. हा तोलाचा व्यायाम सगळे टाळतात. मुरगळणारा घोटा सावरतो तो यामुळेच.

वेळेचा अंदाज

घड्याळातला दर किलोमीटरचा पेस मातीवर बघू नका. त्याऐवजी आधीच असा हिशेब करा: मार्गाची एकूण चढाई काढा आणि दर १०० मीटर चढाईला एक किलोमीटर वाढीव धरा. २१ किलोमीटर आणि २५० मीटर चढाई असेल तर ते २३.५ किलोमीटरचं काम. तुमचा रस्त्यावरचा आरामाचा वेग ६:३० असेल, तर सुमारे २ तास ३३ मिनिटं. त्यावर खडबडीत जमिनीचे ५ ते १० टक्के, म्हणजे २:४० ते २:४८. हा आकडा आवडत नाही म्हणून मार्ग लहान होत नाही. सागाच्या दाट रानात आणि वळणांवर जीपीएस चुकतं, त्यामुळे २०.७ किंवा २१.६ दिसलं तर आयोजकांशी वाद घालत बसू नका.

पाणी आणि खाणं

तुम्हाला किती पाणी लागतं ते घरी काढता येतं. एक तास पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. मध्ये काही प्यायला नसाल तर घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. त्याच्या अर्धं ते पाऊण भरून काढलं तरी चालतं. थंडीत बहुतेकांना तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर पुरतं, ऊन तापलं की ७०० पर्यंत. शर्यत संपल्यावर वजन वाढलेलं निघालं तर तुम्ही जास्त प्यायलात. नुसतं पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं आहेत. लोक ती उन्हाची समजून आणखी पाणी पाजतात, तिथे घात होतो.

रस्त्यावरच्या शर्यतीत दर दोन किलोमीटरला पाणी मिळतं, इथे पाच किलोमीटरचं अंतर पडू शकतं आणि त्याला पाऊण तास लागू शकतो. ५०० मिलिलिटरची मऊ बाटली कायम जवळ हवीच. तिच्यात एक लिटरसाठी असलेल्या ओआरएसच्या पुडीतली अर्धी घाला. पुडी औषधाच्या दुकानातली, गोड डबाबंद पेय नको.

पाऊण तास झाल्यावर खायला सुरुवात करा, भूक लागायची वाट बघू नका. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, चार लहान खजुरांतही तेवढेच. संत्र्याच्या फोडी तोंड ओलं करायला छान, पण पिशवीभर खाल्ल्या तर आंबटपणा वर येतो. चिक्की पळताना चावताना दाणे घशात अडकतात. ती चालण्याच्या चढावर खा. शर्यतीत जे खाणार ते रविवारच्या सरावात निदान चार वेळा खाऊन झालेलं असावं.

आदल्या रात्री वरण-भात, थोडं दही, बस. सावजी रस्सा शर्यतीनंतर, हे नागपुरात वेगळं सांगावं लागतं. सकाळी सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी साधे पोहे किंवा ब्रेड-जॅम आणि केळं. पोह्यांवर तर्री नको. तेल आणि तिखट जिरायला वेळ घेतात, आणि आठव्या किलोमीटरला पांदणीत आडोसा शोधावा लागतो.

शर्यतीच्या दिवशी

तापमान दहा अंशांच्या आसपास असेल तर सुरुवातीला कुडकुडणं योग्यच आहे. एक जुना पूर्ण बाहीचा टीशर्ट वरून घाला आणि निघताना काढून द्या. सुरुवातीला गरम वाटत असेल, तर पाचव्या किलोमीटरला भट्टी होईल. काखेत, मांड्यांच्या आत आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलिन लावा.

पहिले पाच किलोमीटर असे पळा की पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. गर्दीत वाट अरुंद होते, पुढच्याच्या टाचेला चिकटून पळालात तर दगड दिसत नाही; दोन-तीन मीटर सोडा. पुढे जायचं असेल तर "उजवीकडून येतो" असं आधी सांगा. नजर तीन ते चार पावलं पुढे ठेवा, बुटाकडे नाही.

चढ इतका तीव्र झाला की पळणारा आणि शेजारून चालणारा सारखेच पुढे जातायत, तर चालायला लागा. हात गुडघ्यांच्या वर मांडीवर टेकवून ढकला. उतारावर उलट: मागे रेलू नका, टाचेवर ब्रेक लावत उतरलात की मुरमावर घसरणं ठरलेलं. अंग किंचित पुढे, पावलं छोटी आणि भराभर, हात बाजूला पसरलेले. नाला आला आणि पाणी पोटरीखाली, संथ असेल तर सरळ पाण्यातून जा. शेवाळलेल्या दगडांवरून उड्या मारताना मनगटं मोडतात. गढूळ आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्यात मात्र पाय घालू नका.

सर्वाधिक पडझड पंधराव्या किलोमीटरनंतर होते. तिथे जमीन जास्त वाईट असते असं नाही. पाय थकून कमी उचलले जातात आणि बुटाचं टोक अडकतं. पंधराव्याला मुद्दाम दोन मिनिटं चाला, काही खा, आणि मग "गुडघा वर" हे मनाशी म्हणत निघा. त्या दोन मिनिटांनी एकूण वेळ बहुतेकदा वाढत नाही.

काही बिघडलं तर

बुटात कुठे गरम लागायला लागलं की लगेच थांबा, टेप लावा. फोड आल्यावर टेपचा उपयोग अर्धाच. पेटका आला तर वेग कमी करा आणि तो स्नायू ताणून धरा. त्याचं मुख्य कारण थकवा असतं, त्यामुळे मीठ चाटून लगेच पूर्वीच्या वेगाने निघालात तर तो परत येतो. घोटा मुरगळला आणि चार पावलंही भार देता येत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर दाबलं की कळ येत असेल, तर शर्यत तिथेच संपली, एक्स-रे काढा.

शेतातली आणि मेंढपाळांची कुत्री पळणाऱ्याच्या मागे लागतात. पळणं थांबवा, त्यांच्याकडे तोंड ठेवून सावकाश चाला. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज आणि अत्तर दोन्ही टाळा. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळत राहा, झटकत उभे राहू नका. बिबट्या किंवा वाघ समोर आला तर पाठ फिरवून पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, एकत्र उभे राहून हळूहळू मागे सरकायचं. कानात इअरफोन असतील तर यातलं काहीच वेळेवर कळणार नाही.

साप चावला तर पाय स्थिर ठेवा, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा जवळच्या सरकारी दवाखान्यात, शहराच्या जवळ असाल तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत न्या. चावल्याची वेळ लिहून ठेवा.

नंतर

रेषा ओलांडल्यावर बसू नका, दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, तासाभरात जेवा. पायांवर आणि कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड चिकटलीय का ते बघा. असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. जिने उतरताना मांड्या सगळ्यांत जास्त दुसऱ्या दिवशी दुखतील, ते अपेक्षितच आहे. चार-पाच दिवस फक्त चालणं किंवा सायकल, मग आठवडाभर हलकं पळणं.

बुटांवरची काळी माती ओली असताना धुवायला घेऊ नका, ती जाळीत आणखी आत शिरते. सुकू द्या, बूट एकमेकांवर आपटून झाडा, मग ब्रशने साफ करा, आतला तळ काढून वर्तमानपत्र कोंबा आणि सावलीत ठेवा. मोज्यातली कुसळं धुण्याआधीच काढा, मोजा उलटा करून, टोकाच्या बाजूने ओढून. मशीनमध्ये ती बाकीच्या कपड्यांत जातात.